सॅक्सोफोन, फ्लूट आणि लॅटिन ठेका: गाणं बसवताना आणि रेकॉर्ड करताना या चुका टाळा

मिक्स ऐकताना ठरलेल्या तक्रारी येतात. ठेका लंगडतोय, फ्लूट ऐकूच येत नाही, सॅक्स भोंग्यासारखा वाजतोय. मग सगळे प्लगइनकडे धावतात. पण यातल्या बहुतेक चुका कागदावर किंवा खोलीत झालेल्या असतात आणि त्या तिथेच सुधाराव्या लागतात. सोलापुरात ऑर्केस्ट्रातले, बँडमधले चांगले सॅक्सवादक आहेत, ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) बोंगो-कोंगा या क्यूबन ढोलांचे बोल वाजवणारे आहेत, घरच्या खोलीत रेकॉर्डिंगचं सामान मांडलेले तरुण आहेत. त्यांना लागतील अशा गोष्टी इथे आहेत.

क्लावे उलटणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवू. क्यूबन सोन, मांबो, चाचाचा, साल्सा या सगळ्यांच्या पाठीशी क्लावे असतो, म्हणजे पाच टिपऱ्यांचा एक ठरलेला साचा. आपल्या वादकाला तो केरव्याच्या दोन आवर्तनांत मोजून दाखवा. पहिल्या आवर्तनात १, ४, ७ या मात्रांवर टाळी, दुसऱ्यात ३ आणि ५ वर. 'धा गे न ति न क धि न' म्हणत राहिलात तर पहिल्या फेरीत धा, ति, धि आणि दुसऱ्या फेरीत तिसऱ्या मात्रेचा न, पाचव्या मात्रेचा न. हा तीन-दोन सोन क्लावे. दोन्ही आवर्तनांची अदलाबदल केली की दोन-तीन. रुम्बा क्लावेत सातवी मात्रा सरकून आठवीवर जाते.

एकदा सुरू झालेला क्लावे गाणं संपेपर्यंत तसाच चालतो. चूक होते ती अशी: ओळीत शब्द जास्त झाले म्हणून एक आवर्तन वाढवलं जातं, किंवा कॉम्प्युटरवर अंतरा कापून पुढे चिकटवताना एक बार कमी पडतो. त्यानंतर चाल एका बाजूला आणि टिपऱ्या दुसऱ्या बाजूला. ऐकणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण गाणं अडखळतंय हे कळतं. उपाय दोन. ओळींची लांबी सम संख्येच्या आवर्तनांत ठेवा, किंवा विषम आवर्तन मुद्दाम ठेवून पुढची चाल दुसऱ्या बाजूवरून सुरू होईल अशी लिहा. टिपऱ्या मात्र थांबवायच्या नाहीत आणि उलटवायच्याही नाहीत.

चाल कुठल्या बाजूची, म्हणजे तीन टाळ्यांच्या आवर्तनावरून सुरू होणारी की दोन टाळ्यांच्या, हे ओळखायला कुणीतरी ती गुणगुणावी आणि दुसऱ्याने आधी तीन-दोन, मग दोन-तीन टाळ्या द्याव्यात. एका प्रकारात चालीचे झोक टाळ्यांवर बसतात, दुसऱ्यात टाळ्या चालीला आडव्या जातात. हा निकाल लागेपर्यंत सॅक्सचा एकही पीस लिहू नका. मेट्रोनोमच्या 'टिक'ऐवजी क्लावेचाच ट्रॅक करून हेडफोनमध्ये द्या. निम्म्या चुका आपोआप टळतात.

बोसा नोव्हाला हा नियम लावू नका. ते ब्राझीलचं आहे. तिथे गिटार आणि ड्रमच्या रिमवर ऐकू येणारा साचा १, ४, ७ आणि पुढे ३, ६ असा जातो आणि क्यूबन क्लावेइतकी कडक शिस्तही नसते. गाण्याला 'लॅटिन' म्हणून दोन्ही साचे एकत्र वाजवले की ठेका चिखल होतो.

बास दर वेळी समेवर

आपल्या कानाला सम हवी असते, त्यामुळे बासवाला पहिल्या मात्रेवर जोर देतो. तुम्बाओमध्ये, म्हणजे क्यूबन संगीतातल्या बासच्या ठरलेल्या चालीत, बास चौथ्या आणि सातव्या मात्रेवर येतो आणि सम बहुधा रिकामी राहते. सातव्या मात्रेवर येणारा स्वर चालू कॉर्डचा नसतो, पुढच्या आवर्तनातल्या कॉर्डचा असतो. हे न सांगितल्यामुळे बासने चुकीचा स्वर लावला असं कीबोर्डवाल्याला वाटतं आणि तालीम भांडणात जाते. कोंगाचे दोन उघडे बोलही सातव्या आणि आठव्या मात्रेवरच येतात. ऑक्टोपॅडवर त्याच जागी ढोलकचा जड बायाँ टाकला तर बास गिळला जातो. तिथे ढोलक काढा किंवा फक्त चाटीचे बोल ठेवा.

स्वर झुलवणं, लांबवणं

जॅझ ऐकून आलेला वादक आठव्या भागाचे स्वर झुलवतो, म्हणजे एक लांब, एक आखूड असे वाजवतो. लग्नाच्या बँडमधून आलेला वादक प्रत्येक स्वराला मींड आणि रुंद कंप देतो. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी सुंदर आहेत, पण इथे स्वर सरळ आणि समान हवेत. शिवाय स्वर कुठे सुरू करायचा इतकंच, कुठे तोडायचा हेही महत्त्वाचं आहे. नोटेशनमध्ये प्रत्येक तुकड्याचा शेवट लिहा: 'हा स्वर पाचव्या मात्रेवर बंद'. तालमीत वाद्य न फुंकता तो तुकडा 'दा दात, दा दा दात' असा सगळ्यांनी तोंडाने म्हणावा. 'त'वर जीभ रीडला (सॅक्सच्या तोंडाच्या वेताच्या पट्टीला) लागते आणि स्वर कापला जातो. दोन सॅक्स आणि फ्लूट एकाच क्षणी थांबले की तीन वाद्यांचा सेक्शन मोठा वाटतो.

पट्टी गायकाची, हाल सॅक्सवाल्याचे

आल्टो सॅक्स ई-फ्लॅटचा, टेनर बी-फ्लॅटचा, म्हणजे कागदावरचा सी वाजवला की आल्टोतून ई-फ्लॅट आणि टेनरमधून बी-फ्लॅट ऐकू येतो. हार्मोनियमच्या स्वरापेक्षा आल्टोला मेजर सिक्स्थ (सा ते शुद्ध ध इतकं) वर लिहावं लागतं, टेनरला एक सप्तक आणि एक स्वर वर. फ्लूटला जसंच्या तसं. आपल्याकडच्या पट्ट्यांत सांगायचं तर काळी दोनमध्ये आल्टो सी वाजवतो, टेनर एफ. काळी पाचमध्ये आल्टो जी, टेनर सी. काळी चारमध्ये आल्टो एफ, टेनर बी-फ्लॅट. काळी एकही चालते: आल्टो बी-फ्लॅट, टेनर ई-फ्लॅट. अडचण पांढरी तीनची. गिटारवाल्याला ती सोपी पडते, पण आल्टोच्या वाट्याला सी-शार्प मेजर येतं, म्हणजे सातही स्वर शार्प. वेगवान पीस तिथे अडखळणारच. गायकाला चालत असेल तर अर्धा स्वर खाली काळी दोनला या. पट्टी आधी गायक आणि सॅक्स दोघांना समोर बसवून ठरवा. कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण दाबून मग नोटेशन देणं हे गोंधळाला निमंत्रण आहे.

तिन्ही वाद्यांना एकच चाल, किंवा तिन्ही खालीच

जी-मायनर सेव्हन वरून सी-सेव्हन वर जायचं आहे असं समजा. (हे स्वर हार्मोनियमचे.) टेनरला मिडल सीच्या खालचा एफ द्या, आल्टोला त्याच्या वरचा बी-फ्लॅट, फ्लूटला मिडल सीपासूनचं सप्तक सोडून त्याच्या वरच्या सप्तकातला डी. कॉर्ड बदलताना टेनर फक्त एफ वरून ई वर येतो. आल्टो आणि फ्लूट जागचे हलत नाहीत. एकच स्वर अर्ध्याने सरकला आणि कॉर्ड स्पष्ट कळली. गंमत अशी की कागदावर टेनर आणि आल्टो दोघांचाही पहिला स्वर जी असतो. त्यामुळे कुणीतरी 'दोघांना एकच लिहिलंय' म्हणून दुरुस्त करायला जातो. करू देऊ नका. कॉर्डचा मूळ सूर आणि पाचवा स्वर बास-कीबोर्डकडे आहेतच. सॅक्सना तिसरा आणि सातवा मिळाला की तीन वाद्यं पुरतात. हेच तिन्ही स्वर एक सप्तक वर नेले की शेवटच्या जोरकस तुकड्याला चालतात.

टेनरचे मिडल सीच्या खालच्या ईखालचे लांब स्वर टाळा. तिथे बास, कोंगा आणि कीबोर्डचा डावा हात आधीच आहेत.

फ्लूट खालच्या सप्तकात

फ्लूटचं पहिलं सप्तक मिडल सीपासून सुरू होतं आणि तिथे आवाज मऊ असतो. त्याच जागी आल्टो भरघोस वाजतो. मग मिक्समध्ये फ्लूटचा फेडर (आवाजाची पट्टी) वाढवला की फक्त फुंकर मोठी होते. क्यूबाच्या चारांगा वाद्यवृंदांत व्हायोलिन आणि तालवाद्यांवरून फ्लूट ऐकू येते ती वरच्या सप्तकांत वाजते म्हणून. टेनरची चाल फ्लूटला एक सप्तक वर द्या, किंवा फ्लूट दुसऱ्या-तिसऱ्या सप्तकात स्वतंत्र फिरू द्या. पहिलं सप्तक हवंच असेल तर तिथे सॅक्स गप्प ठेवा. आणि श्वासाला जागा सोडा. दर दोन ते चार आवर्तनांनी एक विराम लिहा, नाहीतर वादक नको तिथे श्वास घेईल.

फ्लूटवाला नाही म्हणून बासरीवर भागवायचं असेल तर ते जरूर करा, पण पीस बदला. बासरीला अर्धी भोकं दाबून कोमल स्वर काढावे लागतात. वेगातल्या अर्ध्या-अर्ध्या स्वरांच्या रांगा तिच्यावर स्वच्छ येत नाहीत. बोलेरोच्या, म्हणजे संथ लॅटिन प्रेमगीताच्या, चालीला मात्र बासरीची मींड फार शोभते.

माईक भोंग्यात

स्टेजवरची सवय रेकॉर्डिंगला आणली जाते. सॅक्सचा आवाज फक्त भोंग्यातून येत नाही, उघड्या भोकांतूनही येतो. माईक भोंग्यात घातला की खालचे बी-फ्लॅट, बी, सी अंगावर येतात आणि मधले स्वर पातळ पडतात. माईक ४० ते ६० सेंटिमीटर दूर ठेवा आणि रोख भोंग्याची कड व डाव्या हाताच्या बोटांच्या मध्ये ठेवा. फ्लूटला माईक ओठांसमोर नको, तिथे फक्त हवा लागते. ओठ आणि डावा हात यांच्या मधल्या भागावर, थोडा वरून, ३० सेंटिमीटरवर ठेवून खाली वळवा. दोघं एकाच खोलीत वाजवत असतील तर माईकांतलं अंतर, वादक-माईक अंतराच्या निदान तिप्पट असू द्या.

गेन (माईकची रेकॉर्डिंग पातळी) लावताना वादकाला गाण्यातला सगळ्यात जोराचा तुकडा वाजवायला सांगा आणि सर्वोच्च पातळी उणे १२ ते उणे १० डेसिबलवर थांबवा. टेकमध्ये तो त्याहून जोरात वाजवणार हे धरून चाला. २४ बिट ठेवलं तर वर जागा सोडल्याने काही बिघडत नाही.

शहाबादी फरशी आणि चार उघड्या भिंती

दहा बाय बाराच्या स्लॅबच्या खोलीत टाळी वाजवा. 'टर्रर्र' असा आवाज आला तर सॅक्समध्येही तो येणार. उपाय गावातच आहे. सोलापुरी चादरी आणि टर्किश टॉवेल घरोघरी असतात. पण एकच चादर भिंतीला चिकटवून उपयोग नाही, ती फक्त वरचे स्वर खाते आणि खोली घुमी वाटते. दोन-तीन जाड चादरींची घडी दोरीवर टाका, भिंतीपासून १० ते १५ सेंटिमीटर पुढे, वादकाच्या पाठीमागे आणि बाजूंना. खाली सतरंजी. कोपऱ्यात गाद्या उभ्या करा, म्हणजे टेनरची घुमी कमी होते.

शेजारी यंत्रमाग असेल तर लो-कट (खालचे आवाज कापणाऱ्या) फिल्टरने भागत नाही, कारण मागाच्या खटक्यात वरचे आवाजही असतात. माग बंद असतानाची वेळ गाठा. लॅपटॉपच्या चार्जरमुळे घरघर येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर टेक घ्या. तेवढ्याने थांबली तर दोष अर्थिंगकडे आहे.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. हवा दर अंश सेल्सिअसला फुंकवाद्याचा सूर साधारण तीन सेंट चढवते (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). सकाळी २६ अंशांना घेतलेला ट्रॅक आणि दुपारी ३८ अंशांना घेतलेला ट्रॅक यांत कागदावर ३६ सेंटचा फरक पडतो. वादकाचा श्वास नळी आधीच तापवत असल्याने प्रत्यक्षात तो कमी भरतो, तरी कानाला खुपतो. कीबोर्ड मात्र जागचा हलत नाही. म्हणून एका गाण्याचे सगळे फुंकवाद्याचे टेक एकाच वेळेत घ्या आणि दर अर्ध्या तासाने ट्यूनर बघा. फ्लूटचं डोकं एक मिलिमीटर बाहेर ओढलं की पहिल्या सप्तकातला ए सुमारे चार सेंट उतरतो. फार ओढलं तर आखूड नळीचे स्वर जास्त उतरतात आणि वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. तेव्हा खोली थंड करणं बरं.

पंखा टेकपुरता बंदच. तो आवाज करतो, शिवाय फ्लूटच्या ओठांवरचा हवेचा झोत विस्कटतो. कोरड्या हवेत रीडचं टोक वेडंवाकडं होऊन सॅक्स चिरकतो. टेकआधी रीड दोन-तीन मिनिटं पाण्यात ठेवा आणि तीन-चार रीड आलटून पालटून वापरा. जी-शार्पची चावी चिकटत असेल तर पॅडखाली कोरडा पातळ कागद दाबून टिपून घ्या. पावडर लावू नका.

हेडफोन आणि मिक्स

सॅक्सवादक एक कान उघडा ठेवतो आणि त्या कपातून क्लिक माईकमध्ये गळतो. तो कप कानामागे डोक्याला घट्ट टेकवा. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा. नाही तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला बफर १२८ सॅम्पलवर आणा.

मिक्समध्ये लो-कट लावताना वाद्याचा तळ लक्षात ठेवा. टेनर १०४ हर्ट्झपर्यंत उतरतो, आल्टो १३९ पर्यंत, फ्लूट २६२ पर्यंत. टेनरला ८० च्या वर आणि फ्लूटला २०० च्या वर कापू नका. कॉम्प्रेसरचा (जोराचे आवाज दाबणाऱ्या साधनाचा) अटॅक, म्हणजे दाबायला लागण्याचा वेळ, २० ते ३० मिलिसेकंद ठेवा, नाहीतर तालमीत कमावलेला जिभेचा 'दात' चपटा होतो. रिव्हर्ब सव्वा सेकंदाच्या आसपास. तीन सेकंदांचा लावला की तोडलेल्या स्वरांची शेपटी पुढच्या टिपरीवर पडते. सॅक्स गप्प असेल त्या जागी क्लावे कोरडा ऐकू येतोय का, ते तपासून मगच फाइल काढा.