बँकेचा खाते नंबर पाठवण्याआधी कुलूप बघा

आमच्याकडे यवतमाळच्या खेड्यांत कापूस विकून झाला की खाते नंबर, आधार, सातबारा सगळं मोबाइलवरूनच इकडून तिकडे जातं. बापाकडे अँड्रॉइड, पुण्याला शिकणाऱ्या लेकीकडे आयफोन, काकांकडे बटनांचा फोन. मेसेज कोणत्या वाटेनं गेला, हे म्हणूनच बघायला हवं.

कुलूप म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन: मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतो. साध्या एसएमएसला असं या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलूप नसतं. मोबाइल कंपनीच्या यंत्रणेला तो वाचता येतो. काकांना खाते नंबर घरी जाऊनच द्या.

गुगल मेसेजेस वापरत असाल तर पाठवायच्या बटनावर छोटं कुलूप आहे का ते आधी बघा. असेल तरच मेसेज कुलूपबंद. गुगल मेसेजेस हे कुलूप आरसीएसवर, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या नव्या पद्धतीच्या मेसेजवर लावतं. आयफोनवर २०२४ मध्ये आरसीएस आलं, पण तेव्हा अँड्रॉइडशी बोलताना हे कुलूप नव्हतं. मार्च २०२५ मध्ये जीएसएमएनं (मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं) आरसीएसच्या मानकात एमएलएस ही कुलूप लावायची पद्धत घेतली, ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये कुलूप लागावं म्हणूनच. तरी मानक ठरलं म्हणून दोन्ही फोनांत ते आलंच असं धरू नका. कुलूप डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

आता वावरातली अडचण. गेल्या हंगामात तुरीत उभं राहून मी लेकीला खाते नंबर पाठवला. नेट गेलं होतं, मेसेज गुपचूप एसएमएस होऊन गेला, आणि मला ते घरी आल्यावर कळलं. तेव्हापासून आरसीएसच्या सेटिंगमधलं ‘आपोआप एसएमएस म्हणून पाठवा’ मी बंदच ठेवलंय. तुम्हीही ठेवा. मेसेज अडकला तर अडकू द्या, रेंजमध्ये आल्यावर जाईल.

व्हॉट्सॲपवर २०१६ पासून सगळ्या वैयक्तिक चॅटना असं कुलूप आहे. पण समोर खरंच आपलाच माणूस आहे का, हे एकदा तपासा. चॅटमध्ये नावावर टिचकी मारून ‘एन्क्रिप्शन’ उघडा. क्यूआर कोडखाली ६० आकडे दिसतील, पाच-पाचांचे १२ गट. दिवाळीला लेक घरी आली की ओसरीवर बसून एकमेकांचा कोड स्कॅन करा. ती लांब असेल तर फोन लावून आकडे वाचा, दोघांकडे तेच हवेत. तिनं नवा फोन घेतला की आकडे बदलतात, तेव्हा पुन्हा ताडून बघा.

बॅकअपचं, म्हणजे चॅटच्या साठवलेल्या प्रतीचं कुलूप मात्र वेगळं लावावं लागतं. सेटिंग्जमध्ये चॅट्स, चॅट बॅकअप, मग एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड विसरलात तर व्हॉट्सॲपलाही तो परत देता येत नाही. कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा.