ब्लॅक हिस्टरी शिकवताना स्मार्टबोर्ड, गेम, एआय वापरताय? मग या चुका टाळा

फेब्रुवारी आला की अमेरिकेतल्या शाळांत ब्लॅक हिस्टरी मंथची, म्हणजे ब्लॅक लोकांचा इतिहास शिकवायच्या महिन्याची, धावपळ सुरू होते. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ साली एका आठवड्यापासून हे सुरू केलं, १९७६ पासून महिनाभर होतं, आणि आज हाताशी साधनं एवढी आहेत की वुडसन यांना हेवा वाटला असता. तरी वर्गात गाडी ठरावीक ठिकाणीच अडते. मी इकडे मिडल स्कूलला सोशल स्टडीज शिकवते, त्यामुळे हे इकडे शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी लिहितेय, आणि ज्यांच्या घरी मुलं आदल्या रात्री प्रोजेक्ट करत बसतात त्या आईबाबांसाठीही.

सर्चमध्ये पहिला आलेला फोटो स्लाइडवर चिकटवणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बसमध्ये गोऱ्या माणसासाठी सीट सोडली नाही म्हणून अटक झालेल्या रोझा पार्क्स यांचं नाव टाइप करा, दोन फोटो हमखास येतात. एकात त्या बसच्या खिडकीबाहेर बघतायत आणि मागच्या सीटवर एक गोरा माणूस बसलाय, दुसऱ्यात त्यांच्या हातात ७०५३ नंबरची पाटी आहे. दोन्हींखाली बिनधास्त "१ डिसेंबर १९५५, अटकेचा दिवस" असं लिहिलेल्या स्लाइड्स वर्षानुवर्षं फिरतायत, आणि दोन्ही फोटो त्या दिवशीचे नाहीत! बसमधला आहे २१ डिसेंबर १९५६ चा, म्हणजे त्या अटकेनंतर ब्लॅक लोकांनी बसवर घातलेला ३८१ दिवसांचा बहिष्कार संपला आणि कुठेही बसायची मोकळीक झाली त्या दिवशीचा, प्रेससाठी मुद्दाम काढलेला, आणि मागे बसलेला गृहस्थ म्हणजे युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा रिपोर्टर. पाटीवाला फोटो फेब्रुवारी १९५६ चा, तेव्हा बहिष्कार चालवला म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासकट डझनावारी लोकांवर गुन्हे दाखल झाले होते.

एवढ्या तारखेने काय बिघडतं असं वाटेल, पण बरंच बिघडतं. चुकीची तारीख लावली की मुलांच्या डोक्यात "एक दमलेली बाई उठली नाही आणि सगळं बदललं" एवढंच राहतं. खऱ्या तारखा लावल्या की मग विचारता येतं, वर्षभर हजारो माणसं चालत कामावर कशी गेली, कोणी जमवलं हे सगळं? मग पुढे येतात रोझा पार्क्स ज्या स्वतः १९४३ पासून एनएएसीपी या ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सेक्रेटरी होत्या, पंधरा वर्षांची क्लॉडेट कोल्व्हिन जिला नऊ महिने आधीच मार्चमध्ये अटक झाली होती, आणि जो अॅन रॉबिन्सन ज्यांनी कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनवर रातोरात हजारो पत्रकं काढली. म्हणून आधी रिव्हर्स इमेज सर्च (फोटो टाकून तो मूळ कुठला ते शोधणं), मग लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या ठिकाणची मूळ नोंद, आणि स्लाइडवर तारीख पाहिजेच. मुलांना विचारा की फोटोग्राफर तिथे आधीपासून कसा काय होता, हा प्रश्न त्यांना जाम आवडतो.

नाव टाकून शोधायला लावणं आणि "काहीच मिळत नाही" म्हणून सोडून देणं

वंशावळीच्या साइटवर मुलं गुलाम केलेल्या एखाद्या माणसाचं नाव टाकतात, १८६० ची जनगणना निवडतात, शून्य रिझल्ट. मुलाला वाटतं साइट बिघडलीय, टीचरला वाटतं स्पेलिंग चुकलं. साइट ठीक आहे हो. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलाम केलेल्या माणसांची वेगळी यादी असायची, स्लेव्ह शेड्यूल म्हणतात तिला, आणि ती स्मार्टबोर्डवर मोठी करून एकदा दाखवाच. डावीकडे मालकाचं नाव, त्याच्या पुढे एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीत वय, मग एम किंवा एफ, मग रंगाचं एक अक्षर. बहुतेक ठिकाणी नाव नाहीच, एक ओळ म्हणजे एक माणूस. इथे लगेच पुढची स्लाइड लावू नका, वर्गाला दोन मिनिटं ते पान वाचू द्या, मी दहा स्लाइड्समध्ये जे सांगू शकत नाही ते या एका पानात आहे.

शोध १८७० पासून मागे न्यायचा. ती पहिली जनगणना ज्यात मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं लिहिली गेली. शिवाय फ्रीडमेन्स ब्युरोची, म्हणजे मुक्त झालेल्यांना मदत करणाऱ्या सरकारी खात्याची, कागदपत्रं आहेत, आणि ताटातूट झालेल्या आईवडिलांना, भावंडांना शोधायला लोकांनी पेपरात दिलेल्या जाहिराती आहेत, त्या विलानोव्हा विद्यापीठाने गोळा करून ऑनलाइन ठेवल्यात. कॉर्नेलचा पळून गेलेल्यांच्या जाहिरातींचा डेटाबेसही चांगला आहे, फक्त मुलांना आधी सांगा की ही जाहिरात देणारा मालक आहे, म्हणजे माणसाचं वर्णन त्याच्या नजरेतून आहे. जुन्या पेपरांच्या स्कॅनमध्ये सर्च नीट चालत नाही कारण कॉम्प्युटरने अक्षरं चुकीची वाचलेली असतात, तेव्हा गावाचं नाव आणि तारीख टाकून पानं स्वतः चाळायला लावा.

गुलामगिरीचा गेम करणं

पॉइंट्स, टायमर, मागे उडतं म्युझिक, आणि प्रश्न काय तर जहाजात किती माणसं मेली. नको, खरंच नको. २०१५ मध्ये एका डॅनिश कंपनीच्या शैक्षणिक गेममध्ये जहाजात आफ्रिकन माणसं टेट्रिसच्या ठोकळ्यांसारखी रचायची होती, लोक भडकले तेव्हा तो भाग काढला. वर्गातल्या मुलांना "तू गुलाम, तू मालक" असं अॅपमध्ये वाटून देणंही त्याच माळेतलं, वर्गातल्या एकुलत्या एका ब्लॅक मुलावर त्या तासाला काय बेततं याचा विचार करा.

गेमच्या जागी स्लेव्हव्हॉयेजेस हा गुलामांना आफ्रिकेतून नेणाऱ्या जहाजांचा डेटाबेस उघडा. ३६ हजारांवर सफरींच्या नोंदी आहेत. अभ्यासकांच्या अंदाजाने साधारण १ कोटी २५ लाख माणसं जहाजात चढवली गेली, १ कोटी ७ लाखांच्या आसपास जिवंत उतरली. थेट आजच्या अमेरिकेत आलेली त्यातली ४ लाखांच्या आतबाहेर, ब्राझीलमध्ये त्याच्या दहापटीहून जास्त, हे ऐकून अमेरिकन मुलं नेहमी चकित होतात. ठिपके सरकणारा नकाशा मात्र नुसता बघत बसू नका, दिसायला तो सुंदर आहे आणि तोच त्याचा धोका आहे. एका सफरीवर थांबा, नोंद उघडा, चढवलेली किती, उतरवलेली किती, आणि वजाबाकी मुलांना वहीत करू द्या.

चॅटबॉटला हॅरिएट टबमन बनवणं

टबमन स्वतः गुलामगिरीतून पळाल्या आणि परत परत जाऊन इतरांना सोडवून आणलं. मुलं धडाधड प्रश्न विचारतात, बॉट छान छान उत्तरं देतो, आणि त्यात १९ फेऱ्या, ३०० माणसं हा जुना फुगवलेला आकडा सहज येऊन जातो. आजचे इतिहासकार साधारण १३ फेऱ्या आणि ७० च्या आसपास माणसं मानतात. "मी हजार गुलाम सोडवले" हे नेटवर फिरणारं वाक्यही त्यांचं नाही. टबमन यांना लिहितावाचता येत नव्हतं, त्यांचे शब्द आपल्यापर्यंत दुसऱ्यांनी लिहिलेले पोचलेत, आणि बॉट नेमकं हेच झाकून टाकतो.

आवाजच ऐकवायचा तर खरा ऐकवा. गुलामगिरीत जन्मलेल्या फाउंटन ह्यूज यांचं १९४९ चं रेकॉर्डिंग लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे, त्या वेळी त्यांनी आपलं वय १०१ सांगितलंय. खरखर खूप आहे त्यामुळे ऑटो कॅप्शन काहीच्या काही येतात, ती बंद करा, लायब्ररीचीच लिखित प्रत हातात द्या आणि शक्यतो हेडफोनवर ऐकवा.

आयत्या वेळी गोची होणाऱ्या गोष्टी

किंग यांच्या १९६३ च्या भाषणावर कॉपीराइट आहे, त्यामुळे व्हिडिओ गायब होतात, आदल्या दिवशी लिंक तपासा. शाळेचा फिल्टर लिंचिंगबद्दलची (जमावाने केलेल्या हत्यांबद्दलची) चांगली पानंही ब्लॉक करतो, आठवडाभर आधी आयटीला सांगून ठेवा. जुन्या लेसन प्लॅनमधलं गुगल एक्सपिडिशन्स २०२१ मध्ये बंद झालंय आणि फ्लॅशवाले इंटरअॅक्टिव्हही गेलेत. अत्याचाराचे फोटो न सांगता फुल स्क्रीनवर कधीच आणू नका.

मराठी घरातल्या मुलांनी तेच पाच चेहरे परत करणं

प्रोजेक्टला तेच ते प्रसिद्ध ब्लॅक चेहरे घेण्यापेक्षा आपल्याकडे वेगळा विषय आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये दिल्लीहून ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, भारतातले अस्पृश्य आणि अमेरिकेतले ब्लॅक लोक यांच्या स्थितीत फार साम्य आहे असं म्हणून, आणि ब्लॅक अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. मूळ पत्राचं स्कॅन मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्टमधल्या डिजिटल संग्रहात आहे, तिथूनच घ्या, फॉरवर्ड झालेल्या पोस्टरवरून नको. ३१ जुलैचं ड्यू बॉइस यांचं उत्तरही तिथेच आहे, दोन्ही स्लाइडवर शेजारी शेजारी लावा आणि मुलाला मोठ्याने वाचू द्या.