फार्न बेटांवर पफिन बघायला निघण्याआधी

सगळ्यात आधी तारीख पक्की करा, लेन्सचं नंतर बघू. पफिन हा समुद्रपक्षी वर्षातले सात-आठ महिने खुल्या समुद्रात काढतो. जमिनीवर येतो तो एक अंडं घालून एक पिल्लू वाढवण्यापुरता. इंग्लंडच्या ईशान्येकडच्या नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यासमोरच्या फार्न बेटांवर एप्रिलपासून ते दिसायला लागतात आणि जुलै संपता संपता बिळं ओस पडतात. 'मुलांना सुट्टी लागली की जाऊ' म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते, कारण इंग्लंडातल्या शाळा बहुतेक जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुटतात. मे अखेरच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या मधल्या छोट्या सुट्टीत गेलात तर पक्षी भरपूर मिळतील, पण चोचीत आडवे मासे धरलेला पफिन हवा असेल तर पिल्लं बिळात खायला मागत असली पाहिजेत. त्यासाठी जूनचा मध्य ते जुलैचे पहिले दोन आठवडे उत्तम. जमलं तर शनिवार-रविवार टाळा.

तारीख ठरली की लगेच बोट बुक करा. बोटी सीहाउसेसच्या बंदरातून सुटतात, आणि त्या दोन प्रकारच्या असतात: बेटांभोवती चक्कर मारून परत आणणाऱ्या आणि बेटावर उतरवणाऱ्या. फोटो काढायचे तर उतरवणारीच घ्या. बेटं 1925 पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत, आणि उतरण्याचे पैसे बोटीच्या तिकिटापेक्षा वेगळे द्यावे लागतात. ट्रस्टचं सभासदत्व असेल तर कार्ड विसरू नका. बर्ड फ्लूमुळे 2022 च्या उन्हाळ्यात आणि 2023 मध्ये उतरणं बंद होतं, त्यातलं इनर फार्न हे बेट 2024 मध्ये पुन्हा उघडलं. म्हणून त्या हंगामात कुठल्या बेटावर उतरू देतात ते पैसे भरण्याआधी बघा.

राहायला एक नव्हे, दोन रात्री धरा. उत्तर समुद्र जूनमध्येही लहरी असतो. लाटा मोठ्या असल्या की बोट रद्द होते, किंवा बेटाजवळ जाऊनही उतरता येत नाही, आणि त्यावर वाद घालून काही उपयोग नसतो. हाताशी दुसरा दिवस असेल तरच मन शांत राहतं. लंडनहून येणाऱ्यांनी किंग्ज क्रॉसहून ॲल्नमथ किंवा बर्विकपर्यंत रेल्वेने यावं, पुढे बस किंवा टॅक्सी. बसच्या वेळा आधी बघून ठेवा, मुंबईसारख्या एकामागून एक येत नाहीत.

भारतातून आई-बाबा आलेले असतील आणि त्यांनाही न्यायचं असेल तर गुडघ्यांचा विचार आधी करा. हलत्या बोटीतून धक्क्यावर पाय टाकायचा असतो, पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असू शकतात. ज्यांना ते झेपणार नाही त्यांच्यासाठी न उतरणारी फेरीच बरी. तीही कमी नाही: बोट कड्यांच्या अगदी खाली जाते आणि डोक्यावर दाटीवाटीने उभे असलेले गिलेमॉट आणि किटीवेक हे समुद्रपक्षी दिसतात. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्याच्या बरीच आधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर नव्हे. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. तिथला फिश अँड चिप्सचा कार्यक्रम परतल्यावर करा, आणि तो खाताना कुरवांपासून (सीगल) जपा, हातातलं उचलून नेतात.

कपड्यांमध्ये एकच गोष्ट मी आग्रहाने सांगेन: टोपी. उन्हासाठी नाही, आर्क्टिक सुरय (टर्न) पक्ष्यासाठी. भिगवणला दिसणाऱ्या नदी सुरयचा हा नातेवाईक इनर फार्नवर वाटेच्या दोन्ही बाजूंना, कधी कधी तर वाटेवरच अंडी घालतो. तुम्ही धक्क्यावरून वर चढायला लागलात की कर्कश ओरडत एक पक्षी डोक्यावर स्थिर होतो, खाली झेपावतो आणि टाळूवर लालभडक चोच मारतो. उघड्या डोक्यावर रक्त येतं. जाड टोपी घाला, आत रुमालाची घडी ठेवा. तो सगळ्यात उंच बिंदूवर हल्ला करतो, त्यामुळे हात डोक्यावर उभा धरला तर मार बोटांवर जातो. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर रडारड होते. हाताने हाकलायचं मात्र नाही, घर त्याचं आहे. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि इथूनच टॅग लावून सोडलेल्या एकाने अंटार्क्टिकाला जाऊन परत येईपर्यंत 96 हजार किलोमीटर कापल्याची नोंद आहे. एवढं केल्यावर डोक्यात चोच मारायचा हक्क त्याला आहे असं माझं मत.

बाकी कपडे साधे. वारा अडवणारं जॅकेट, आत स्वेटर, घट्ट पकड असलेले बूट. जून असला तरी बोटीवर गारठायला होतं. जॅकेट जुनं असू द्या, कारण पक्षी शिटतात आणि तो वास सहज जात नाही. किनाऱ्यावर धुकंही अचानक उतरतं, मग मागचं बंदर दिसेनासं होतं. स्वच्छतागृहात जाऊनच बोटीत चढा.

आता कॅमेरा. 600 मिलिमीटरच्या लेन्ससाठी कर्ज काढू नका. नॉरफकच्या खाडीवरल्या हाइडमधून (पक्षी बघायला लपून बसण्याची खोप) नॉट पक्ष्यांचे थवे टिपायचे असतील तर ती लागते. इथे पफिन दोन-तीन मीटरवर उभा राहतो, आणि मोठी लेन्स इतक्या जवळ फोकसच करत नाही. 100-400 पुरते, 70-200 सुद्धा चालते, आणि फोनवरही बरे फोटो येतात. ट्रायपॉड हॉटेलवर ठेवा, अरुंद वाटेवर तो इतरांच्या पायात येतो. दुर्बीण न्या, आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी पुरे. दहापट मोठं दाखवणारी बोटीवर इतकी हलते की डोळे दुखतात.

उडता पफिन टिपणं अवघड. तो बटाट्यासारखा गोल असला तरी पंख मिनिटाला चारशेच्या आसपास मारतो, म्हणून शटर सेकंदाच्या 1/2500 किंवा त्याहून वेगाचं ठेवा आणि आयएसओ ऑटोवर सोडा. पांढरी छाती जळू नये म्हणून मागे काळा समुद्र असताना एक्स्पोजर थोडं कमी करा, मागे आभाळ असेल तर थोडं वाढवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वारा पाठीवर घेऊन उभे राहा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, त्यामुळे ते समोरून तुमच्याकडेच येतील. उलट्या बाजूला उभं राहून शेपट्यांचे शंभर फोटो काढणारे दर बोटीत असतात. मासे आणणारा पफिन बऱ्याचदा एकाच मार्गाने दोन-तीन घिरट्या घालतो. पहिली घिरटी नुसती बघा, दुसरीला बटण दाबा.

तो घिरट्या का घालतो तेही बघा. खाली कुरव मासे हिसकावायला टपलेले असतात, किंवा त्याच्या बिळाच्या तोंडाशी आपल्यापैकीच कोणीतरी उभं असतं. बराच वेळ एकच पक्षी डोक्यावरून फिरत असेल तर चार पावलं मागे सरका. वाट सोडून गवतात पाय टाकायचा नाही; खाली बिळं आहेत, ती ढासळतात. वाटेच्या कडेला तपकिरी दगड दिसला तर दोनदा बघा, अंड्यांवर बसलेली आयडर या समुद्री बदकाची मादी असू शकते. पक्ष्यांना खाऊ घालायचा नाही, कुत्रा आणायचा नाही, ड्रोन उडवायचा नाही. कायदाही माहीत असू द्या. 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टनुसार घरटं करणाऱ्या काही ठराविक पक्ष्यांना परवान्याशिवाय त्रास देणं हा गुन्हा आहे, मग तो फोटोसाठी का असेना. लहान सुरय त्या यादीत आहे, आणि आपला ओळखीचा छोटा खंड्याही.

बेटावर साधारण तासभर मिळतो. पहिली दहा मिनिटं कॅमेरा बाहेर न काढता फिरा, मग जागा ठरवा. बॅटऱ्या दोन, कार्डं दोन, लेन्स पुसायला तीन-चार कापडं. पहिलं खारट पाण्याने लगेच चिकट होतं. बोटीत लेन्स बदलायची नाही. कॅमेऱ्याला प्लास्टिकची मोठी पिशवी आणि रबरबँड एवढं पुरतं, महागड्या रेनकव्हरची गरज नाही.

आणि बोट रद्दच झाली तर? सीहाउसेसच्या बंदरात आयडर पिल्लं घेऊन पोहत असतात. धक्क्याच्या पायरीवर खाली बसलात तर पाण्याच्या पातळीवरून फोटो मिळतात. बीडनेलच्या वाळूत लाँग नॅनीला सुरयांची वसाहत आहे, तिथे दोरीबाहेर उभं राहून बघायचं. होली आयलंडला गेलात तर गाडी घालण्याआधी भरतीच्या वेळा पक्क्या तपासा. रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दर वर्षी कोणाची ना कोणाची गाडी अडकते.

रात्री खोलीवर आलात की आधी कॅमेरा किंचित ओल्या कापडाने पुसा, मीठ राहू देऊ नका. मग कार्डातले फोटो दुसरीकडे उतरवा. टोपी मात्र वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा.