गरोदर बाई गाडीवरून पडली तर आधी काय करायचं

मागच्या पावसाळ्यात आमच्या वहिनी, सातवा महिना, मोटरसायकलवर एका अंगाला बसून येत होत्या, खड्ड्यात गाडी आदळली अन् त्या खाली. उठल्या, साडी झटकली, म्हणल्या "काही नाही झालं भाऊजी". आईनं हळदीचं दूध दिलं आन् आम्ही बी गप बसलो. रात्री पोट दगडासारखं टणक झालं. दोघं वाचले, पण मधले सहा तास आम्ही उगाच घालवले.

म्हणून सांगतो, खरचटलं नसलं तरी पोटाला धक्का बसला की दवाखान्यात जायचंच. धक्क्यानं वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, गर्भाशयाला चिकटलेली) सुटू शकते, रक्त आतच साचतं, बाहेर थेंब दिसत नाही. वरून गरोदरपणात अंगात रक्त वाढलेलं असतं, त्यामुळं बरंच गेलं तरी बीपी सुरुवातीला नॉर्मल दाखवतो.

108 ला फोन लावा, कितवा महिना ते आधीच सांगा. पाचवा उलटला असेल तर उताणं झोपवू नका, पोटाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं अन् चक्कर येते, डाव्या कुशीवर घ्या. मान-पाठीला मार वाटला तर मात्र वळवायचं नाही, कोणीतरी दोन्ही हातांनी पोट हळूच डावीकडं सरकवून धरायचं. रक्त येत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा. आणि चहा-पाणी काही देऊ नका, लोक हमखास देतात, पण ऑपरेशन लागू शकतं.

दवाखान्यात बाळाचे ठोके मशीनवर कमीत कमी 4 तास बघतात. सोनोग्राफी चांगली आली म्हणून लगेच घरी चला म्हणू नका, सुटलेली वार त्यात कधी कधी दिसत नाही. कळा किंवा रक्त असेल तर 24 तास ठेवतात. एक्स-रे लागला तर काढू द्या, आईचा जीव आधी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन (आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार होऊ नये म्हणून देतात ते) 72 तासांच्या आत, हे स्वतः विचारा.

मारहाण झाली असेल तर डॉक्टरला एकटीनं सांगायची सोय करा, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे.

घरी सोडल्यावर पोट कडक झालं, पाणी गेलं, बाळ कमी हललं तर परत पळा.

अन् माता-बाल कार्डाचा फोटो आजच मोबाईलमधे काढून ठेवा. आमचं कार्ड माहेरी राहिलं होतं, रात्री दोनला वहिनींचा रक्तगट कोणालाच सांगता येईना.