कुळागराचं चित्र सपाट दिसत होतं, ते असं सुटलं

गोव्यातल्या सावई-वेरें गावच्या कुळागराचं, म्हणजे पोफळीच्या मिश्र बागेचं, जलरंगातलं चित्र. पोफळी, केळी, मिरीच्या वेली आणि मागचा डोंगर, सगळं एकाच हिरव्या पडद्यावर चिकटवल्यासारखं. डोंगरात पांढरा मिसळला तर खडूसारखा दिसला. सावलीत काळा घातला तर चिखल. चार कागद फाडले.

जमलं ते या क्रमाने. सकाळी आठचं ऊन डावीकडून येत होतं, ती दिशा दाखवणारा बाण आधी पेन्सिलीने कोपऱ्यात काढला. मग 300 जीएसएमच्या (जाड) कागदावर, जिथे ऊन पडतं तिथे फिका लेमन यलो. तो सुकल्यावर डोंगर: अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), भरपूर पाणी, कड मऊ. आता थांबायचं. आपल्या दमट हवेत कागद वरून सुका भासतो, म्हणून हाताची मागची बाजू लावून बघा. गार लागला तर ओला आहे. मधल्या झाडांना निळसर केलेला सॅप ग्रीन (पानांचा हिरवा). पुढच्या केळीला हात न लावता पानांमागची जागाच सॅप ग्रीन, बर्न्ट सिएना आणि थोड्या अल्ट्रामरीनने गडद केली, रंग सायीसारखा दाट. पिवळी पानं आपोआप उन्हात आली. शेवटी वाटेवर जांभळट सावल्या, बाणाच्या दिशेने. मिरीच्या वेली मात्र चार ठिपक्यांत उरकल्या.