डर्माटोम म्हणजे काय? मुंग्या, बधिरपणा आणि नागीण यांबाबत या चुका टाळा

मणक्याच्या डॉक्टरांकडून परत आल्यावर फाइलमध्ये एक ओळ दिसते : ‘उजवीकडे एल५ डर्माटोममध्ये संवेदना कमी.’ घरात लगेच चर्चा सुरू होते की कातडीचा काहीतरी आजार निघाला. मग नाशिकच्या कॉलेज रोडवर त्वचारोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतली जाते. पहिली चूक इथेच होते. डर्माटोम हा आजार नाही, तो अंगावरचा पत्ता आहे.

पाठीच्या कण्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात : मानेत ८ (सी), छातीच्या भागात १२ (टी), कमरेत ५ (एल), त्याखाली ५ (एस) आणि माकडहाडाशी १. जवळजवळ प्रत्येक नसेकडे कातडीचा एक पट्टा सोपवलेला असतो. त्या पट्ट्यातला स्पर्श, टोचणं, गरम-गार त्याच नसेतून वर जातं. हाच डर्माटोम. हाताचा अंगठा सी६कडे (म्हणजे मानेतल्या सहाव्या नसेकडे), मधलं बोट सी७कडे, करंगळी सी८कडे. बेंबीची पातळी टी१०. पावलाचा वरचा भाग आणि पायाचा अंगठा एल५, तर पावलाची बाहेरची कड एस१. चेहऱ्याचा कारभार मात्र थेट मेंदूतून निघणाऱ्या वेगळ्या नसेकडे असतो.

दुसरी चूक : दुखतं तिथेच चोळत बसणं. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची विरळणी आणि डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) म्हणजे मांडवाखाली दिवसभर मान वर आणि हात वर. संध्याकाळी अंगठ्याला मुंग्या येतात आणि माणूस अंगठ्याला बाम चोळतो. पण मान मागे करून त्याच बाजूला झुकवल्यावर मुंग्या वाढत असतील, तर नस बहुधा मानेत दबलेली असते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! (आपल्या गंगापूर रोडच्या सोमेश्वराचा यात काही दोष नाही.)

प्रत्येक मुंगीचं खापर मणक्यावर फोडणं. ही उलटी चूकही तेवढीच होते. रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो, अंगठा आणि शेजारची दोन-तीन बोटं बधिर होतात, तेव्हा नस बऱ्याचदा मनगटात दबलेली असते. दोन्ही पाय मोजे घातल्यासारखे बधिर असतील तर आधी साखर तपासा. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध मोफत मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. यातलं काहीच डर्माटोमच्या पट्ट्यात बसत नाही. म्हणून आधी एमआरआय काढून मग दुखणं शोधायची घाई मला पटत नाही. काहीच त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधली गादी सरकलेली दिसते. अंगावरचा पट्टा आणि फिल्ममधली नस जुळली, तरच त्या फिल्मला अर्थ.

‘पूर्ण बधिर नाही, म्हणजे काही नाही’ असं मानणं. शेजारचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात. एक नस दबली तरी शेजारच्या थोडं काम उचलतात, त्यामुळे पूर्ण बधिरपणा क्वचितच येतो. घरच्यांनी पेशंटला नाटकी ठरवू नये. दवाखान्यात जाण्याआधी डोळे मिटून कापसाचा बोळा अंगावरून फिरवा, जिथे स्पर्श बदलतो तिथे पेनाने रेघ मारा आणि फोटो काढा. सुई टोचून बघण्याचे प्रयोग घरी नकोत.

नागिणीत दिवस घालवणं. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. वयाने किंवा आजारपणाने प्रतिकारशक्ती घटली की तो एका नसेतून बाहेर येतो, म्हणून फोड एकाच बाजूला, पट्ट्यात उठतात. फसगत होते ती अशी, की फोडांच्या आधी दोन-चार दिवस नुसती आग आणि ठणका असतो. तो छातीत असला की हृदयविकार वाटतो, कमरेत असला की मुतखडा. छातीतलं दुखणं नागीण समजून अंगावर मात्र काढू नका, ईसीजी आधी.

फोड दिसले की गेरूचा लेप, मंत्र, उतारा सुरू होतो. विषाणूविरोधी गोळ्यांचा खरा फायदा फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर होतो. तो वेळ लेपात गेला, तर फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने आग राहू शकते, विशेषतः साठीपुढच्यांना. ‘नागिणीची दोन तोंडं मिळाली की माणूस जातो’ ही निव्वळ भीती आहे. नसेचा पट्टा पाठीच्या आणि पोटाच्या मधल्या रेघेशी संपतो, त्यामुळे फोडही सहसा तिथेच थांबतात. खरा धोका कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर असतो. तेव्हा त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. फोड ओले असेपर्यंत गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांपासून लांब राहा. पन्नाशीपुढच्यांसाठी लसही मिळते.

सिझेरियनच्या आधी कमरेत इंजेक्शन दिल्यावर भूलतज्ज्ञ पोटावरून छातीकडे गार बोळा फिरवत ‘गार लागतं का?’ विचारतात, तेही डर्माटोमच मोजणं असतं. उगाच ‘नाही’ म्हणू नका. भाजलेल्या पेशंटच्या कागदावर ‘डर्माटोम’ दिसला, तर ते कातडीचा पातळ थर काढायचं यंत्र. त्याचा नसांशी संबंध नाही.

आणि कंबरदुखीबरोबर सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर खालच्या एस२ ते एस४ नसा दबल्या असू शकतात. मग सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. रात्रीच निघा, आणि मणक्याचं ऑपरेशन होत असेल अशाच ठिकाणी जा.