स्क्रीनवर बरोबर, वर्कशॉपमध्ये चूक: कॅड आणि तांत्रिक ॲनिमेशन शिकताना या चुका टाळा

डिप्लोमाला शिकवायला लागण्याआधी मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन होतो. तिथला टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) कधी "साहेब, तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?" असं विचारायला येत नसे. कागदावर असेल ते तो करायचा. आज लॅबमध्ये मुलांची ड्रॉइंग तपासताना तोच माणूस माझ्या डोळ्यांपुढे असतो. आकृती देखणी असते, रेषा जुळलेल्या असतात, पण त्या कागदावरून जॉब बनत नाही. का बनत नाही, ते तोंडी परीक्षेच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आकडा हाताने बदलणं

सगळ्यात घातक चूक हीच, म्हणून हिच्यापासून सुरुवात. प्लेटची लांबी 60 काढली आणि नंतर लक्षात आलं की 62 हवी होती. आकृती ताणायचा कंटाळा येतो, म्हणून ऑटोकॅडमध्ये डायमेन्शनवर (मापाच्या आकड्यावर) डबल क्लिक करून 62 टाइप केलं जातं. प्रिंट निर्दोष दिसते.

मी हे प्रत्यक्ष कामात केलं आहे. त्या फाइलची डीएक्सएफ (मशीनला देण्याची आकृतीची प्रत) वायरकटला, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या मशीनला गेली. मशीन आकडे वाचत नाही, रेषा वाचतं. प्लेट 60 ची कापली गेली आणि स्टीलचा तुकडा भंगारात टाकावा लागला. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: माप चुकलं तर 'स्ट्रेच' करून आकृती दुरुस्त करायची, आकडा आपोआप बदलतो.

कधी कधी आकड्याला काही जोडायचं असतं, उदाहरणार्थ 25 पुढे एच7, म्हणजे छिद्राच्या मापात किती फरक चालेल ते सांगणारी खूण. तेव्हाही मुलं सगळा मजकूर पुसून नव्याने लिहितात. त्याऐवजी मजकुराच्या जागी <> ही खूण ठेवा आणि तिच्यापुढे एच7 लिहा. त्या खुणेच्या जागी ऑटोकॅड खरं मोजलेलं माप दाखवत राहतं. जुन्या फाइलमध्ये कुणी असं आधीच करून ठेवल्याचा संशय आला, तर डायमेन्शन निवडून प्रॉपर्टीजमध्ये 'टेक्स्ट ओव्हरराइड'चा रकाना बघा. तो रिकामा हवा, किंवा त्यात <> हवं.

याच ओघात आणखी एक. छिद्र 25 आणि शाफ्टही 25 असं नुसतं लिहिलं, तर दोन्ही एकमेकांत बसतील का, सैल बसतील का, हे टर्नरने कुठून ठरवायचं? 25 एच7 म्हणजे छिद्र 25.000 ते 25.021. शाफ्ट 25 जी6 म्हणजे 24.980 ते 24.993. आता शाफ्ट नेहमीच थोडा लहान राहणार आणि सरकत बसणार, हे कागदच सांगतो. उलट चार दशांश स्थळं दाखवणारं 25.0000 असं माप अचूक दिसतं, पण सांगत काहीच नाही. डायमेन्शन स्टाइलमध्ये जाऊन प्रिसिजन कमी करा.

इंचाची टेम्प्लेट, मिलीमीटरचं ड्रॉइंग

"सर, सेंटर लाइन तुटक दिसतच नाही, सरळ रेषाच येते." दर वर्षी पहिल्या महिन्यात हे वाक्य ऐकू येतं. लाइनटाइप तर बरोबर निवडलेला असतो. कारण मागे असतं: फाइल सुरू करताना 'ॲकॅडआयएसओ'ऐवजी साधी 'ॲकॅड' टेम्प्लेट उघडली गेली. तिचं माप इंचात असतं. तुम्ही 200 लिहिता ते मनातल्या मनात मिलीमीटर, पण तुटक रेषेचा नमुना इंचाच्या हिशेबाने 25.4 पट बारीक राहतो आणि डोळ्यांना दिसत नाही. हॅचचंही (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या रेषांचंही) तसंच, सगळं काळं होऊन बसतं.

'एलटीस्केल' (तुटक रेषांचं प्रमाण) 25 च्या आसपास नेलं की तात्पुरतं भागतं. पण तीच आकृती दुसऱ्या मिलीमीटरच्या फाइलमध्ये पेस्ट केली की 100 चं 2540 होऊ शकतं. त्यामुळे काम थोडंच झालं असेल तर 'ॲकॅडआयएसओ'ची नवी फाइल उघडा, आकृती तिथे न्या, लगेच एक ओळखीचं माप मोजा आणि वाढलेलं असेल तर तिथेच स्केल करून घ्या. पुढचे चार तास वाचतात.

प्रिंटच्या वेळची चूक याच जातीची. आकृती मॉडेल स्पेसमध्ये (आकृती काढायच्या जागेत) नेहमी 1:1 काढायची आणि लहान-मोठं करायचं ते लेआउटच्या, म्हणजे छपाईच्या पानाच्या, व्ह्यूपोर्टमध्ये. 800 मिलीमीटरची प्लेट ए3 वर, म्हणजे 420 बाय 297 वर घ्यायची असेल, तर 1:2 ने ती 400 ची होते आणि चौकट, डायमेन्शन यांना जागाच उरत नाही. मग 1:5 घ्या. 'फिट टू पेपर' ही खूण केली की पान छान भरतं, पण स्केल काहीतरी 1:2.37 असं येतं आणि शीर्षकाच्या चौकटीत लिहिलेलं स्केल खोटं ठरतं.

यूट्यूबवरचं थर्ड अँगल

आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे व्ह्यू मांडायची फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात: टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली, उजव्या बाजूचा व्ह्यू डावीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल चालतं आणि मुलांनी बघितलेले बरेच व्हिडिओ तिकडचे असतात. सॉलिडवर्क्स किंवा फ्यूजनमध्ये व्ह्यू आपोआप पडतात, आणि शीटचं सेटिंग थर्ड अँगलवर असेल तर ते तसेच पडतात. मग मुलं व्ह्यू उचलून हव्या त्या जागी ओढायला बघतात. तसं करू नका. सॉलिडवर्क्समध्ये शीट प्रॉपर्टीज उघडून प्रोजेक्शनचा प्रकार बदला आणि कोणता अँगल ते सांगणारं छाटलेल्या शंकूचं चिन्ह शीटवर न विसरता ठेवा. ते नसेल तर एका बाजूचा खाच दुसऱ्या बाजूला पाडला जातो, आणि त्यात ऑपरेटरचा दोष नसतो.

नेहमीच्या काही छोट्या अडचणी थोडक्यात. पेन ड्राइव्हवरूनच फाइल उघडून काम करू नका, आधी डेस्कटॉपवर कॉपी करा. फाइल बिघडली तर शेजारची .बॅक फाइल (ऑटोकॅडने ठेवलेली आधीची प्रत) शोधा आणि तिचं एक्स्टेन्शन बदलून .डीडब्ल्यूजी करा. घरची फाइल लॅबमध्ये उघडत नसेल तर लॅबमधली आवृत्ती जुनी आहे, घरून 'सेव्ह ॲज'मध्ये 2013 किंवा 2010 चा फॉरमॅट निवडून आणा. हॅच भरत नसेल तर कुठेतरी कोपरा उघडा आहे.

ॲनिमेशनमध्ये यंत्र खोटं चालतं

तांत्रिक ॲनिमेशन बघून एखादा फिटर मशीन उघडणार असतो, म्हणून इथलीही चूक ड्रॉइंगइतकीच महाग पडते. एसटीएल फाइलमध्ये (भागाचा त्रिमितीय आकार असलेल्या फाइलमध्ये) एकक नसतं. त्यामुळे 100 मिलीमीटरचा भाग ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये 100 मीटरचा होऊन येतो आणि कॅमेऱ्यात अर्धा कापला जातो. आयात करतानाच स्केल 0.001 ठेवा.

नकल जॉइंटचं, म्हणजे दोन दांड्यांची फोर्क आणि आय ही टोकं पिनने जोडणाऱ्या सांध्याचं, उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. एक्सप्लोडेड व्ह्यू (भाग सुटे करून दाखवणारं दृश्य) करताना मुलं सगळे भाग एकदम चारी दिशांना उडवतात. खरं तर टेपर पिन निघाल्याशिवाय कॉलर सुटत नाही, कॉलर सुटल्याशिवाय नकल पिन बाहेर येत नाही, आणि ती आल्याशिवाय फोर्क आणि आय वेगळे होत नाहीत. ॲनिमेशनमध्ये हाच क्रम हवा. नट फिरवत असाल तर एम12 चा नट एका फेरीत 1.75 मिलीमीटरच पुढे सरकतो, हेही पाळा.

क्रँक आणि पिस्टनमध्ये चूक अधिक लपलेली असते. समजा क्रँकची त्रिज्या 40 आणि कनेक्टिंग रॉड 160. पिस्टनला वर एक आणि खाली एक अशा दोन की-फ्रेम (ठरावीक फ्रेमवर नोंदवलेल्या जागा) दिल्या की क्रँक 90 अंशांवर असताना पिस्टन बरोबर 40 खाली दिसतो. प्रत्यक्षात तो 45 पेक्षा किंचित जास्त खाली यायला हवा, कारण रॉड तिरका झालेला असतो. त्या 5 मिलीमीटरमुळे रॉडचं छोटं टोक पिनमधून सुटलेलं दिसतं आणि मुलं रॉडच लांब करत बसतात. इन्व्हेंटर किंवा सॉलिडवर्क्स असेल तर जॉइंट लावून फक्त क्रँक फिरवा. ब्लेंडरमध्ये पिस्टनला ड्रायव्हर (सूत्राने हालचाल ठरवणारी सोय) द्या: क्रँकचा कोन वरच्या टोकापासून मोजा, त्रिज्या गुणिले त्या कोनाचा कोसाइन घ्या आणि त्यात रॉडचा वर्ग वजा (त्रिज्या गुणिले साइन) चा वर्ग, यांचं वर्गमूळ मिळवा. हे झालं क्रँकच्या केंद्रापासून पिस्टन पिनचं अंतर. रॉडचं मोठं टोक क्रँकपिनला बांधा आणि 'डॅम्प्ड ट्रॅक' लावून रॉडला पिस्टन पिनकडे बघायला लावा.

फिरणारं चाक प्रत्येक फेरीला दमल्यासारखं मंदावत असेल, तर कारण हे की ब्लेंडर की-फ्रेमना मुळातच बेझिअर वळण (सुरुवातीला आणि शेवटी मंदावणारी गती) देतं. ग्राफ एडिटरमध्ये की निवडून 'लिनिअर' करा. फेरी 72 फ्रेममध्ये पूर्ण करायची असेल तर 360 अंशांची की 73 व्या फ्रेमवर ठेवा आणि रेंडर (फ्रेमची अंतिम चित्रं बनवणं) 72 पर्यंतच घ्या, म्हणजे लूपमध्ये झटका बसत नाही.

वेगाबद्दल माझा आग्रह आहे: खरा आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) दाखवू नका. 1440 आरपीएमची मोटर सेकंदाला 24 फेऱ्या मारते, आणि ब्लेंडरची फ्रेम रेटही मुळात 24 असते. प्रत्येक फ्रेमला शाफ्ट बरोबर एक फेरी पूर्ण करतो, आणि की-वे (चावीची खाच) असलेला शाफ्ट चक्क थांबलेला दिसतो. 25 फ्रेम केल्या तर तोच हळूहळू उलटा फिरतो. 20 दातांच्या गिअरमध्ये दोन दातांतलं अंतर 18 अंश, म्हणून एका फ्रेमला 9 अंशांच्या आतच फिरवा. प्रत्यक्ष वेग बाजूला लिहून दाखवा.

शेवटी रेंडर. 10 सेकंदांचा व्हिडिओ 25 फ्रेमच्या वेगाने म्हणजे 250 फ्रेम, आणि एका फ्रेमला 2 मिनिटं लागली तर आठ तासांहून जास्त. मध्ये वीज गेली की थेट एमपी4 मध्ये लिहिली जाणारी फाइल उघडतच नाही. पीएनजी चित्रांची मालिका काढा आणि 'ओव्हरराइट' बंद ठेवा. वीज आल्यावर झालेल्या फ्रेम सोडून काम पुढे सुरू होतं. शेवटची अर्धवट लिहिली गेलेली फाइल मात्र आधी हाताने डिलीट करा, नाहीतर झालेली समजून ब्लेंडर तिलाही सोडून देतं आणि व्हिडिओत तेवढी एक फ्रेम तुटलेली राहते.